मोटारीला काय पाजावं

१६ एप्रिल १९८६, बुधवार
आज पुन्हा पिंपळाच्या चढावर मोटार उकळली. काटा पार लाल खुणेत, रेडिएटरच्या झाकणातून वाफ. मागचं सीट काढून तिथं ठेवलेले सोसायटीच्या दुधाचे कॅन उन्हात तापत राहिले. आमच्या इकडच्या वाशीच्या शीतकेंद्रावर पोचेपर्यंत दूध नासलं. परत आणलं, तर जो तो वास घेऊन माझ्याकडं बघतोय. जणू मीच विरजण लावलं.
चेअरमन तात्या म्हणाले, "बाई, आणखी एकदा नासलं तर दूध भाच्याच्या टेंपोत जाईल. मग बोलू नका." बोलू नका म्हणे. तेवढं तरी माझं आहे.
टँकरच्या रांगेत शेवंताबाई मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माणसाला प्यायला न्हाय अन् ही मोटारीला घागर पाजतीया." खोटं नाही. रोज पाजते. चेअरमनचं लागलं नाही, हे लागलं.
ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. दूधवाहतूक गेली की मोटार गेली. मोटार गेली की मी दिराच्या घरात भाकरीपुरती. ते होणार नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार
गफूरभाई मिस्त्री येऊन गेले. गरम झाकण उघडायचं ह्यांचं फडकं अजून स्टिअरिंगखाली टांगलेलं आहे, तेच दिलं. झाकण काढलं तर आत पिवळा दाट गाळ.
"भाभी, ह्ये पाणी हाय का वरण?"
नामदेव भावजी, धाकटे दीर, तिथंच उभे. मान खाली. दसऱ्याच्या आधी रेडिएटर ठिबकत होता, तेव्हा त्यांनी आत मूठभर हळद टाकली होती. "गळती बुजती की वहिनी. समदेच ड्रायव्हर टाकत्यात." गळती बुजली खरी. तिच्यासोबत आतल्या नळ्याही बुजत आल्या. वर बोअरच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर, आमच्या बंबात बसतो तसाच.
दसऱ्याला मोटारीची पूजा जाऊबाईंनी केली. मला पुढं होऊ दिलं नाही. मला हळद लावायला चालत नाही आणि मोटारीला पोटभर! एकटीच हसले. गफूरभाई नाही हसले. भला माणूस.
जाताना भावजी म्हणाले, "भंगारात घाला वहिनी. दादा असते तर गोष्ट येगळी हुती." दादा असते तर लोखंड नवं झालं असतं का, विचारलं.

१९ एप्रिल, शनिवार
मोटारीचं इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी घेऊन बसले. अक्षरं ह्यांनी शिकवली, वाक्यं माझी मी. दुपारभर दीड पान. पण कळलं. रेडिएटरच्या पाण्यात कूलंट नावाचं औषध मिसळायचं असतं.
गफूरभाई म्हणतात, "कूलंट बर्फाच्या मुलखात घालत्यात भाभी. इथं कशाला?" पुस्तक म्हणतं, ते गोठण्यापुरतं नाही. घातलं की पाणी उशिरा उकळतं, आत गंज धरत नाही. फक्त खारं पाणी नको, डिस्टिल्ड घ्या. आणि गळती नसेल तर एकदा भरलं की रोज ओतायची गरज नाही.
म्हणजे रोजची घागर बंद. बास. हेच पाहिजे.

२१ एप्रिल, सोमवार
एस.टी.नं बार्शी. स्पेअरपार्टचं दुकान.
"साहेब न्हाई आले?"
"साहेब भिंतीवर हायत. मला दाखवा."
ड्रममधलं सुटं हिरवं दाखवलं. "हेच कूलंट, सगळे नेतात." बोटांत चोळलं. बुळबुळीत काही नाही, बोटं तेवढी हिरवी. म्हटलं, रंगपंचमी झाली की हो. मग मुकाट सीलबंद डबा काढला. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालतं असं डब्यावर छापलेलं, ते उभ्यानं वाचून घेतलं. म्हणतो, "पाणी घालूच नका, निव्वळ ओता. जास्त तेवढं चांगलं." डबा म्हणतो निम्मं निम्मं. मी डब्याचं ऐकणार.
डिस्टिल्ड पाणी बॅटरीवाल्याकडं. त्यानं आधी ॲसिडचा कॅन उचलला होता. नाकाला झोंबलं म्हणून बरं.
एस.टी.त शेजारणीनं विचारलं, मांडीवर काय, तेल का? मोटारीचं सरबत, म्हटलं. ती सरकून बसली.

२३ एप्रिल, बुधवार
रेडिएटर धुतला. बंब चिंचेनं लख्ख होतो, मग हा का नाही? गफूरभाई आधी हसले, मग स्वतःच चिंच कोळू लागले. धुवायला माझं आंघोळीचं पाणी घातलं. अंगाला वास आला तर येऊ दे. पिवळं, मग तांबडं, मग निवळ आलं. शेवटी डिस्टिल्डनं खळबळून निम्मं निम्मं भरलं.
डब्यावर लिहिलंय, विष आहे, चवीला गोड. भरताना थोडं सांडलं तर शेवंताबाईची शेळी लगेच हुंगत आली. तहानलेली. हाकलली, सांडलेल्यावर माती टाकली. डबा पेटीत घालून कुलूप लावलं.
रिकामी मोटार चढावर नेली. काटा मधेच. वर गेल्यावर हे मारायचे तशी बाहेर हात काढून दारावर थाप मारली. मग रडू आलं. मोटार थांबवली नाही.

२४ एप्रिल, गुरुवार
मोटारीखाली हिरवे थेंब.
हळद धुऊन गेली आणि जुनं भोक मोकळं झालं. माझ्याच हातानं. भावजी वाटी घेऊन हजर. "वहिनी, चिमूटभरच."
"तुमच्या कालवणात टाका."
भोक झाळून डाग देणार गफूरभाई, ते लग्नाला परंड्याला. परवा येतील. तोवर दूध थांबणार आहे का? चेअरमन दारात, "उद्याला टेंपो सांगू?"
"कॅन तयार ठेवा तात्या."
म्हटलं तर खरं. करायचं काय?
हा दुष्काळ लागल्यापासून घरोघर परातीत बसून आंघोळ. एक थेंब भुईला नाही, खालचं पाणी परत वापरायचं. मोटारीला वेगळा न्याय कशाला? पत्र्याचा डबा घासला, भोकाखाली तारेनं बांधला.

२५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी, चढाच्या पायथ्याला
कॅन भरताना शेवंताबाई आली. "आज घागर न्हाय पाजली व्हय?"
"न्हाय. आता ती पीत न्हाय."
तिनं कॅनला एका बाजूनं हात लावला.
इथं थांबले. जरा निवू दिली, फडक्यानं झाकण हळूच सोडलं. डब्यात साचलेलं गाळून परत ओतलं. भुईवर काही नाही.
चेअरमननं भाच्याचा टेंपो माझ्या मागं धाडलाय, रिकामा. माझी उकळली की कॅन उचलायला. पोरगं मागून हॉर्न वाजवतंय.
वाजव. काटा मधे आहे. मी पुढं निघते. तू ये मागून, रिकामाच.