पिल्लांच्या कपाळावरचा गेरू

आबा, आज सकाळी आमच्या कुत्रीच्या पाचही पिल्लांना जंताचं औषध पाजलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आता दुपार झाली. इथं विंझरला, सासरच्या पडवीत, पिल्लांसमोर बसून लिहिते आहे, कारण नुसतं बघत बसले तर वेड लागेल. तीन आठवड्यांची आहेत. पोटं टम्म फुगलेली, बाकी नुसती हाडं. काल एक ओकलं, तर त्यात शेवयांसारखे जंत वळवळत होते. गुरांच्या डॉक्टरांनी पिल्लांचं वेगळं औषध दिलं, वजनाप्रमाणे किती थेंब ते कागदावर लिहून दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा पाजा म्हणाले. अंगणवाडीत मी पोरांना जंताच्या गोळ्या देते तेव्हा मला काही होत नाही. आज मात्र दुकानातून काटा मागून आणला आणि एकेक पिल्लू दोनदा तोललं. कुत्री लांब बांधली. न पाजलेली एका पाटीत, पाजलेली दुसऱ्या पाटीत. सून हसायला लागली. "आत्या, पिल्लं हायती, सोनं तोलल्यागत काय तोलताय?" मी म्हटलं, असू दे.

तुम्ही कधी काही तोललं नाहीत. गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला आपली वस्ती, माझं माहेर. पाजायच्या दिवशी तुम्ही शेळी गुडघ्यात धरायचात, टोपणानं औषध घशात सोडायचात आणि तिच्या कपाळावर गेरूचं बोट ओढायचात. गेरू दिसला की पाजलं, नाही दिसला की राहिलं. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोक आपली जनावरं घेऊन यायचे, आबांच्या हाताला यश आहे म्हणायचे.

मी पाचवीत होते. कुत्रीच्या चार पिल्लांना जंत झाले, म्हणून तुम्ही सकाळी त्यांना शेळ्यांचंच औषध अंदाजानं थोडं थोडं पाजलंत, सवयीनं गेरू लावलात आणि शेळ्या घेऊन रानात गेलात. मी शाळेतून आले तर एकाच्याही कपाळावर काही नाही. मला वाटलं, आबा घाईत विसरले. बाटली कुडाला खोचलेली होती. मी चौघांना पाजलं, गेरू लावला आणि तुम्ही शाबासकी द्याल म्हणून वाट बघत बसले. तेवढ्यात कुत्री आली, पिल्लांजवळ आडवी झाली आणि त्यांना चाटू लागली. माझ्या डोळ्यांदेखत गेरू तिच्या जिभेवर गेला. तेव्हा कळलं. शेळ्यांच्या अंगावर तो आठ-आठ दिवस टिकायचा, आणि कुत्री पिल्लांना दिवसभर चाटते हे ना तुमच्या ध्यानात आलं ना माझ्या. मग पिल्लांच्या तोंडातून लाळ सुरू झाली, पाय थरथरायला लागले. मी भिऊन गोठ्यात जाऊन बसले.

तुम्ही आलात तेव्हा चारही गार पडली होती. तुम्ही खाली बसलात, एकेकाला उचलून बघितलंत. "पोरी, तू काय पाजलं न्हाईस न्हवं?"

"न्हाई."

"मग माजाच हात चुकला."

पुढं शेजारच्या काकू पदरात पिल्लू घेऊन आल्या, तर तुम्ही बाटलीला हात लावला नाहीत. "माज्या हातानं नगं," म्हणालात. ते पिल्लू जंतांनीच मेलं. त्यानंतर पिल्लं घेऊन कुणी आपल्याकडे आलं नाही.

मघापासून सगळ्यात बारकं पिल्लू अंग टाकून पडलं होतं. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते. श्वास हाताला लागत होता, पण मधेच त्याच्या अंगातून कापरं जायचं, की मी पुन्हा डॉक्टरांचा कागद वाचायचे. आत्ता ते उठलं, कोपऱ्यात गेलं आणि जंतांचा गोळाच पडला. सून ओरडलीच, "पडले बगा, आत्या. आन आता दूद बी पितंय." मला रडू फुटलं.

आबा, भोरच्या दवाखान्यात तुमच्या शेवटच्या दिवसांत मी तुमचे पाय चेपत बसायचे, तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. तुम्ही शुद्धीवर होतात. तुम्ही रागावला नसतात हेही मला ठाऊक होतं. तरी मी शेळ्यांचं काहीबाही बोलत राहिले आणि तुम्ही गेलात. हे पत्र धाडायला पत्ता नाही. असता तरी माझ्याच्यानं पेटीत टाकवलं नसतं. मगाशी सुनेनं विचारलं, एवढं काय लिहिताय. अंगणवाडीचं काम आहे, म्हणाले मी.