रुमाल टाकलेली जागा

नांदेड,
सोमवार, ९ मे १९८३

चि. जगदेवीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, राग मात्र मला रोज येतो.

शुक्रवारी, ६ मे रोजी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी चाकूरच्या स्टँडवर तू माझा अपमान केलास. नांदेडपासून तुझ्यासाठी रुमाल टाकून खिडकीची जागा धरली होती. लोह्याला एका पागोटेवाल्याशी भांडले, अहमदपूरला अख्ख्या वऱ्हाडाशी. आणि तू गाडीच्या दारातून माघारी फिरून म्हणालीस, "अक्का, तू जा. मला आता दगड बघायचा कंटाळा आलाय." कंडक्टरनं घंटी मारली.

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून दर मे महिन्यात आपण दोघी, जिथं कुणी जात नाही तिथं जातो. वेरूळला सगळं जग जातं. होट्टलच्या देवळात मात्र आपल्यासोबत फक्त शेळ्या होत्या. त्या शेळ्यांचंही तुला कौतुक होतं! नवा जिल्हा मिळाल्यावर चाकूरकरांना नवे नखरे सुचले, असं मी फाट्यापर्यंत स्वतःला सांगत राहिले.

आपण बघायला निघालो होतो ती बारव, ती पायऱ्यांची विहीर, मी एकटीनं पाहिली. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर तुझे जावई सहलीची गाडी भरून नेतील. दुष्काळानं पाणी तळाला गेलंय आणि एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडल्यात. मी "वा, वा" करत होते. तळाशी केवळाबाई नावाची म्हातारी वाटीनं घागर भरत होती. ती फटकन म्हणाली, "आमी पान्यावाचून मरायलाव, अन् तुमी खूश व्हायलाव व्हय?"

तुला खोटं वाटेल. मी तिच्या दोन घागरी वर आणल्या.

सिंधू, थांबू नकोस, पुढचंही मोठ्यानं वाच. वर्षभर सासूची पत्रं तूच वाचतेस ना? चष्मा हरवलाय, असं ती सांगते ते खोटं आहे. शुक्रवारी मी खिडकीतून रुमाल हलवत होते, आणि ही माझ्याकडेच तोंड करून शेजारच्याला विचारत होती, "नांदेडची गाडी हीच का?" मग पाय उचलला, तो पायरीवर न पडता हवेत पडला. तिला दिसत नाही. तुम्हा सगळ्यांपासून तिनं ते लपवलंय.

जगदेवी, लहानपणी आपल्या कॉन्व्हेंटात खोटं बोललं की मदर गुडघ्यांवर बसवायची. आता तुझे गुडघे त्या लायकीचे राहिले नाहीत, म्हणून सोडते.

घागरी ठेवून मी पुन्हा खाली उतरले. शेवटच्या पायरीजवळ हत्तींची रांग कोरलीय. मी डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवला. सगळे हत्ती एका दिशेनं चाललेत, एकटाच उलटा. डोळे उघडे होते तेव्हा तो माझ्या नजरेतून सुटला होता, बोटांना लगेच सापडला. कोरणाऱ्याला तुझा स्वभाव ठाऊक असणार.

लातूरला २२ तारखेला डोळ्यांचं शिबिर आहे. तुझं नाव मी घातलंय, विचारलेलं नाही. मोतीबिंदू निघाला तर उत्तम. नाही निघाला तरी पाणी चढायच्या आत आपण बारवेत उतरणार. दगड बघू नकोस, हात लाव.

उत्तर लेखी हवं, २० मेच्या आत, तुझ्या स्वतःच्या हातचं. सिंधूच्या अक्षरातलं चालणार नाही. ओळी एकमेकींवर चढल्या तरी मी वाचेन.

रुमाल अजून उचललेला नाही,
तुझी अक्का
उमाबाई