बोका माझ्याच हातात होता

सोमवार, ६ मे

पोचलो एकदाचे! हॉटेलचा बाविसावा मजला. खाली माणसं दिसतच नाहीत, नुसत्या छत्र्या. पावसाच्या नव्हे, उन्हाच्या. बोका (वय साडेतीन, खरं नाव फक्त शाळेच्या फॉर्मवर) विमानात दोनदा ओकला, दोन्ही वेळा माझ्याच अंगावर. थोरली सात वर्षांची आहे आणि सत्तरीची असल्यासारखी वागते. खोलीत शिरल्या शिरल्या दारामागचा नकाशा बघून आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं ते सगळ्यांना समजावलं. नवऱ्याने मान डोलावली आणि तसाच बुटांसकट झोपला.

सासूबाई शेजारच्या खोलीत, मधलं दार उघडं. बत्तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या त्या. अर्ध्या गावाचे जुने नंबर अजून तोंडपाठ. खाली काउंटरवरच्या मुलीने खोलीचा नंबर कागदावर लिहून दिला तर म्हणाल्या, "कागद कशाला? चार आकडे तर आहेत."

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. त्यांना सहलीला आणलेलं नाही. मुलांना धरायला आणलंय. फोनवर मात्र — "आई, तुमच्याशिवाय काय मजा!" किती गोड बोलले मी! त्या खूश होऊन नवे बूट घेऊन आल्या. ते त्यांना चावतायत. बोलत नाहीत, पण दिसतंय.

मंगळवार, ७ मे

मत्स्यालय. बोक्याने प्रत्येक माशाला "झोपलास का?" विचारलं. थोरलीने शार्कपुढे उभं राहून पाठ केलेली माहिती सांगितली, आणि शार्क अगदी काचेजवळ आल्यावर माझ्या कुशीत घुसली. दिवसभर सासूबाईंनी बोक्याला धरलं. मी तीन वर्षांत पहिल्यांदा कॉफी गरम असताना प्यायले.

बुधवार, ८ मे

दुपारचे चार. बाथरूमचं दार लावून घेतलंय. बाहेर सगळे आडवे झालेत. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

आज सकाळी बोका हरवला. सव्वीस मिनिटं.

उंच मनोऱ्यावर जायचं होतं. नवरा थोरलीला घेऊन वर तिकिटांच्या रांगेत गेला. आम्ही तिघं खाली, स्टेशनच्या आतच दुकानांची ओळ आहे, तिथे. थंड हवा, गुळगुळीत फरशी, माणसांचा नुसता लोट. सासूबाई दहा पावलांवर बाकावर बसल्या, एक बूट काढून टाच चोळत. बोक्याचा हात माझ्या हातात होता. माझ्या. हे स्पष्ट लिहून ठेवते.

समोर चपलांचं दुकान. एक निळी सँडल होती — काही विशेष नव्हती हो! मला वाटलं, पाय घालून बघू. नुसतं बघू. पट्टा लावायला दोन हात लागतात. मी हात सोडला. "इथंच उभा राहा हं." आरशात पाय बघितला. डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला. किती वेळ? अर्धं मिनिट? दीड? देव जाणे. वळले तर बोका नाही.

आधी राग आला, लपला असेल म्हणून. मग तोंडचं पाणी पळालं. नवी सँडल भिरकावली आणि तशीच धावत सुटले, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. ओरडत होते त्याचं नाव, आणि कोणाला काही कळत नव्हतं. लोक बाजूला होत होते, एवढंच. गणवेशातल्या एका बाईला फोनवरचा फोटो दाखवला. ती तिच्या यंत्रात बोलली. मी कमरेजवळ हात धरून उंची दाखवत होते — एवढा! एवढा! सासूबाई एक बूट हातात घेऊन माझ्यामागे लंगडत पळत होत्या. "काय झालं? अगं, काय झालं?"

तो दोन मजले खाली सापडला. फलाटावर! एकटाच सरकत्या जिन्याने गेला. गाडी शिरत होती, आणि फरशी पुसणाऱ्या एका बाईने त्याला मागून शर्टाला धरलं. तिने हाताने करून दाखवलं, कसं धरलं ते. दोनदा दाखवलं. दुसऱ्यांदा मी डोळे मिटले.

आम्ही पोचलो तेव्हा आमचे साहेब स्टेशनच्या कचेरीत खुर्चीवर बसून बिस्कीट खात होते. मला बघून म्हणाला, "आई, तू कुठे हरवली होतीस?"

ती फरशी पुसणारी बाई माझ्या पायांकडे बघत होती. एक चप्पल, एक अनवाणी. मग माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, हिला सगळं कळलं.

तेवढ्यात नवरा धापा टाकत आला, थोरलीला कडेवर घेऊन. पांढराफटक. "तुझ्याकडे होता ना तो?"

आणि मी म्हणाले, "आईंकडे दिला होता. दोनच मिनिटं."

विचार करून नाही म्हणाले! तोंडातून निघालं. पण निघालं ते तयारच असल्यासारखं निघालं, अडखळलं नाही.

सासूबाईंनी तोंड उघडलं. "माझ्याकडे?" मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. एका हातात बूट होता. "असेल," म्हणाल्या. "दिला असशील."

नवऱ्याने त्यांच्या हातातला बूट घेतला, खाली बसला आणि त्यांच्या पायात घातला. कोणी लहान मुलाला घालतं तसा.

माझी चप्पल दुकानातल्या मुलीने खोक्यात घालून जपून ठेवली होती. "धावताना निघाली," मी नवऱ्याला सांगितलं. हे दुसरं खोटं.

गुरुवार, ९ मे

प्राणिसंग्रहालय. सासूबाई बोक्याला हात लावत नाहीत. तो त्यांच्याकडे झेपावला तर दोन्ही हात मागे घेतले. "नको रे राजा. आईकडे जा."

नवरा त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागलाय, एकेक शब्द सुटा करून. "आई — पाणी — प्यायलीस — का?" ऐकू तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं!

थोरली जेवताना म्हणाली, "आजी, तू विसरलीस का बोक्याला?" मी तिला दटावलं, "असं बोलू नये." दटावायला मी! सासूबाई म्हणाल्या, "विचारू दे. हो बाळा, विसरले."

मी ताट बाजूला सारलं.

शुक्रवार, १० मे

आज नाश्त्याला सांगणार होते. नाही सांगितलं.

शनिवार, ११ मे

तळं, पायडलच्या होड्या. नवरा आणि मुलं होडीत. आम्ही दोघी काठावरच्या बाकावर. हीच संधी होती, जीभ रेटत होते. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी तू मला नेमकं काय म्हणालीस? बोक्याला देताना."

आता! आता सांग! आतून कोणीतरी ढोसत होतं.

"म्हणाले — आई, जरा याला धरा."

"आणि मी काय म्हणाले?"

"हो म्हणालात."

त्या तळ्याकडे बघत राहिल्या. होडीतून थोरली हात हलवत होती. त्यांनीही हलवला. मग म्हणाल्या, "बरं."

नुसतं "बरं". ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बुधवारचं तोंडातून निघालं होतं. आजचं मी बसून रचलं. जरा याला धरा, हो म्हणालात — वाक्यं तयार केली, त्यांच्या तोंडी घातली! घसरून पडणं वेगळं आणि उडी मारणं वेगळं. आज मी उडी मारली.

माझं पोर मरता मरता वाचलं, त्याचं मला रडू यायला हवं. रडू येतं ते पकडली जाईन म्हणून. कसली बाई आहे मी?

रविवार, १२ मे

परतीचं विमान. बोका यावेळी नवऱ्याच्या अंगावर ओकला. हसायचं सोडून मी माफी मागत बसले. नवरा म्हणाला, "तू का माफी मागतेस?"

मुलं झोपल्यावर तो हळूच म्हणाला, "आईला आता एकटं ठेवायचं नाही. तिचं घर बंद करू. डॉक्टरांची वेळ घेतोय."

त्यांचं घर! आमच्यापासून दोन बसथांबे. तिसरा मजला, दोन खोल्या. सासरे गेल्यावर सगळ्यांनी आग्रह केला तरी त्यांनी सोडलं नाही. चार वाजता मैत्रिणी येतात, पत्त्यांचा डाव मांडतात. रेडिओ मोठ्याने लावतात. दार आतून लावून मोकळ्या ढाकळ्या राहतात.

मी म्हणाले, "एवढी घाई कशाला?"

तो म्हणाला, "बोका गेला असता."

मी बोक्याचं पांघरूण सारखं केलं.

गुरुवार, १६ मे

कामावर रुजू. माझं काम म्हणजे रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावणं आणि यंत्रात घालणं. अकरा वर्षांत एकाची चिठ्ठी दुसऱ्याला लागली नाही. आज नव्या मुलीने दोन नळ्यांची अदलाबदल केली. वेळेत कळलं, पण मी तिला फाडून खाल्लं. "दुसऱ्याचा रोग भलत्याच्या माथी मारायचा का?" असं म्हणाले. मीच! ती रडायला लागली. मग जेवायच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन रडले.

सासूबाईंचा फोन आला होता. मैत्रिणींना त्यांनी सांगून टाकलं — पत्ते बंद. "डाव लक्षात राहत नाही म्हणाले. उगाच हसं कशाला?"

सोमवारी अकराची वेळ मिळालीय. मेंदूचे डॉक्टर.

शनिवार, १८ मे

सांगितलं. नवऱ्याला.

तो भांडी घासत होता. मुलं खाली खेळायला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाले, "बोका माझ्याच हातात होता. आईंकडे दिलाच नव्हता. मी सँडल घालून बघत होते."

त्याने नळ बंद केला. कढई हातात तशीच. फेस कोपरावरून खाली गळत होता.

"सँडल?"

"हो."

"आणि ती दहा दिवस—"

मग एकदम हसला! हसला म्हणजे — खांदे हलायला लागले, आणि मी नीट बघितलं तर डोळ्यांत पाणी. "म्हणजे आई ठीक आहे," म्हणाला. "म्हणजे तिला काही झालेलं नाही." तीन-चार वेळा म्हणाला. आईला हरवून बसलोय असं धरून तो इतके दिवस चालला होता, आणि मला दिसलंच नाही! मी फक्त स्वतःचा अपराध कुरवाळत बसले होते.

मग हसू थांबलं. माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. "तू घाबरलीस, खोटं बोललीस, ते मला समजतं," म्हणाला. "मी तिच्या पायात बूट घालत होतो, तेव्हा तू तिथे उभी होतीस. ते नाही समजत."

खरंच आहे ते.

"डॉक्टरांची वेळ रद्द करतो. पण आईला तू सांगायचं. मी नाही. फोनवर नाही, समोर बसून."

हात पुसले आणि मुलांकडे खाली गेला. मला चल म्हणाला नाही. उरलेली भांडी मी घासली.

रविवार, १९ मे

सकाळी एकटीच सासूबाईंकडे गेले. बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, पाणीसुद्धा न पिता. सँडल, होडीच्या वेळचं, सगळं.

त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"तू बोक्याला माझ्याकडे दिलं नव्हतंस. तो दिवस मला अगदी लख्ख आठवतो. तळ्यावर तुला विचारलं, म्हटलं, आता तरी बोलशील. राग आला होता तुझा. अजून आहे."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही—"

त्या उठल्या. ओट्याजवळच्या खणातून वही काढून माझ्यापुढे टाकली. त्यांचंच अक्षर, डिसेंबरपासूनचं. गॅस चालू राहिला. घर सापडेना, शेजारणीने आणून सोडलं. गॅस पुन्हा. खाली नाव नातीचं — दहा-बारा वेळा गिरवलेलं, शाळेत गिरवतात तसं.

"सहा महिने तोंडाला कुलूप," त्या म्हणाल्या. "कोणाला सांगू? तू खोटं बोललीस आणि सगळे मला विसरभोळी समजायला लागले. म्हटलं, चला, निदान सांगावं तरी लागणार नाही."

नवऱ्याला अजून काही कळवलेलं नाही. काल तो रडत हसला, ते डोळ्यांपुढून हलत नाही. वेळ रद्द करायची नाही, असं सासूबाईंनी बजावलंय. उद्या अकरा वाजता. मी रजा टाकलीय.