पोर सांभाळतं कोण?

१४ जाने. २००३, धसई

संक्रांत. उरलेल्या काळ्या कापडाचं निलूला झबलं शिवलं. साडेतीन वर्षांची पोर, पण आरशासमोरून हलेना. तिळगूळ घेऊन शेजारी काशीकाकूकडे गेलो. ओटीवर पाच-सहा बायका, हळदीकुंकू चाललेलं. मला बघून सगळ्यांनी पदर सावरले. एकीने निलूच्या हातावर लाडू ठेवला. "जा गो, बापाला सांग, आता घरात बाई आन." हसल्या. मीही हसलो. दुसरं काय करणार.

सुमनला जाऊन दिवाळीत वर्ष झालं. कावीळ. ते पुन्हा लिहीत नाही.

२२ जाने.

अंगणवाडीत वजन. बाईंनी सवयीने विचारलं, आईला का नाही पाठवलं? मग स्वतःच जीभ चावली. काटा बघून म्हणाल्या, "सांभाळायला आजी येते का?" नाही म्हटलं. "मग बरंच भरलं म्हणायचं." इकडे याला कौतुक म्हणतात.

३० जाने.

निलू मला 'आये' म्हणते. काशीकाकूची पोरं भात मागताना आये म्हणून ओरडतात. हिने धरलं, भात कालवतं ते माणूस म्हणजे आये. 'बा' म्हणायला शिकवलं, दोन दिवस म्हणाली, सोडून दिलं. मलाही खरं तर वाईट वाटत नाही. पण नाक्यावर चहावाल्याने ऐकलं आणि झालं. आता सगळा नाका विचारतो, "काय आये, दूध पाजलंस का?"

ब्लाउजचं काम अर्ध्यावर आलं. माप सुमन घ्यायची, मी कापायचो. आता बायका जुना ब्लाउज पोरांच्या हाती धाडतात. दुकानात कोणी चढत नाही. बाई नसलेल्या घरात कशा येतील, त्यांचंही बरोबर. राग येतोच.

८ फेब्रु.

वैशाखऱ्याहून सासूबाई आल्या, सोबत मेव्हणा दत्तू. धाकटी मेहुणी करून घ्या म्हणतात. "माय मरो, मावशी जगो, ते काय उगाच म्हनलंय?" बोलून गेल्या आणि त्याच रडायला लागल्या. मेलेली माय त्यांचीच लेक. मलाही रडू आवरेना. पण नाही म्हटलं. ती पोरगी बारावीला बसलीय, तिला कोणी विचारलंय का?

दत्तू म्हणाला, "मंग पोर आमाला द्या. बाप्याच्या हाती पोरीची जात टिकत नाय."

आमच्याकडे बाप्या म्हणजे कुठलाही पुरुष. बाप त्यात धरायचा की वेगळा, कोण जाणे. चहा न घेता गेले.

१५ फेब्रु.

आजचं लिहून ठेवतो.

निलूला कालपासून ताप. मुरबाडला डॉक्टरकडे नेली. इंजेक्शन दिलं. मीच तिचे पाय धरले होते, म्हणून राग माझ्यावर. स्टँडवर येईपर्यंत लाथा झाडत होती, आणि एकच घोष, "आये! आये गो!" मला मारायचं आणि मलाच हाक मारायची, तिची रीतच ती.

सध्या पोरं पळवणारी टोळी फिरते अशी आवई आहे. एका बाईने हटकलं, "कोनाची पोर हाय रं? आयसाठी रडते, कुटं नेतोस?" मी म्हणालो, मीच तिची आय. घरात बोलतो तसं तोंडातून गेलं. तिथेच घात झाला. कोणी तरी गचांडी धरली. माणसं जमली. निलूला विचारलं, "तुजी आय कुटं हाय, बाय?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "बघा, पोरीला कायतरी चारलंय यानं." मग बसल्या. पाठीत, कानावर. निलू पडू नये म्हणून हात वर करता आले नाहीत.

एका टोपीवाल्या म्हाताऱ्याने सोडवून बाकावर बसवलं. त्यानेच विचारलं.

"बायको कुटं हाय?"

"वारली."

"मंग पोर सांभालतं कोन?"

"मी."

"तसं नाय रे. सांभालतं कोन?"

दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा निलूचं नाक पुसलं.

दत्तू आणि त्याची बायको बाजाराला आले होते, गलका ऐकून धावले. दत्तू म्हणाला, हे आमचे जावय. तरी कोणी हटेना. दत्तूच्या बायकोने निलूला माझ्याकडून ओढून कडेवर घेतलं आणि गर्दी पांगली. पोर आधीपेक्षा जास्त रडत होती. आता त्यात कोणाला वावगं दिसलं नाही.

दत्तू म्हणाला, अशा अंगाने घरी जाऊन काय करणार, दोन दिवस पोर आमच्याकडे राहू दे. वैशाखऱ्याच्या गाडीत चढले. मी धसईच्या.

१७ फेब्रु.

दोन दिवस झाले. निरोप आला, ताप उतरलाय, पण शिमग्यापर्यंत असू दे.

नाक्यावर आता कोणी आये म्हणत नाही. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. "सुटलास रे." त्याच्या अंगावर पेला भिरकवावा असं वाटलं. नुसता ठेवला.

२ मार्च

काशीकाकूबद्दल वाटलं होतं, निदान ती तरी हळहळेल. वर्षभर माझं बघत आलीय. निलूची वेणी मी तिच्याकडूनच शिकलो. म्हणाली, "बरा झाला. तू पन आता मानसात ये." म्हणजे इतके दिवस मी कशात होतो? मनाने ती चांगलीच आहे.

घर गप्प. भात दोघांचा घातला जातो. सकाळी शिळा खातो.

२३ मार्च

शिमगा झाला. गेलो आणायला.

निलूने लांबूनच ओळखलं. गळ्यात पडली ती उतरेना. कपडे मीच पिशवीत भरले. सासूबाईंनी अडवलं नाही. पडवीत वाडीतल्या चार बायका तांदूळ निवडत होत्या. सासूबाई त्यांच्यादेखत म्हणाल्या, "न्या. तुमचीच हाय. ताप आला तं तुमी उठाल, त्ये मला ठाव हाय. पन पोरीला न्हाण आलं, म्हंजे तिला कोन सांगंल?"

बायकांनी माना खाली घातल्या. मीही. पिशवी खाली ठेवली.

निलूला भात भरवला, थोपटून निजवली आणि तशीच सोडून निघालो. उठून रडली असेल.

उत्तर गाडीत सुचलं. न्हाण यायला अजून आठ-नऊ वर्षं आहेत. तोवरचं सगळं मला येतं. पुढचं काशीकाकूने सांगितलं असतं, कोणीही सांगितलं असतं. तिथे बोलायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर नुसती तीच अडचण नव्हती. तिला कडेवर घेऊन मुरबाड स्टँडवर गाडी बदलायची, हेच सकाळपासून नको वाटत होतं. सासूबाईंनी विचारलं तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. याची लाज वाटते.

दत्तू म्हणतो, जूनमध्ये तिथल्याच बालवाडीत घालू. मी हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही.