उटा की, भोंगा झाला

आई,

वाचनालयात माझी पहिली गोष्ट मोठ्यानं वाचली गेली, त्याला आता किती वर्षं लोटली. आबा गिरणीतून येऊन झोपले ते उठलेच नाहीत, त्या पहाटेची गोष्ट. तू त्यांना हलवत म्हणाली होतीस, "उटा की, भोंगा झाला. खाडा पडंल." मी ते जसंच्या तसं लिहिलं होतं. एका वकिलानं ते हेल काढून, नाकात वाचलं आणि सगळे पोट धरून हसले. मला राग यायला हवा होता. मीही हसलो.

तुला यातलं काही सांगितलं नाही. मासिकात छापून आलंय, एवढंच म्हणालो. तू चुलीपुढं शेंगाची चटणी कुटते आहेस, मी वाचून दाखवतो आहे. तुझी ओळ येते तसा तुझा हात थांबतो, तू पदर डोळ्यांना लावतेस. मग माझी ओळ येते : 'आई, बाबा आपल्याला सोडून गेले.' तू वर बघतेस.

"ह्ये कोन म्हनलं?"

"मी."

"तू कवा रं असं बोललास? 'आये, आबा गार पडल्यात' म्हनून वरडला हुतास की. मंग मी एकलीच अडानी व्हय?"

पुस्तक निघेल तेव्हा दुरुस्त करीन, असा शब्द मी दिला. "कर बाबा," म्हणून तू पुन्हा कुटायला लागलीस.

पुस्तक निघालं तेव्हा तू नव्हतीस. छापण्याआधी प्रुफं आठवडाभर माझ्या टेबलावर होती. पानभर स्वल्पविराम सुधारले, ती ओळ तेवढी तशीच ठेवली. तोवर मी हायस्कुलात मास्तर झालो होतो, कोट घालून जपून बोलत होतो. आता लोक तुझ्या ओळीला ठेचकाळतात, दोनदा वाचतात, आणि कळली की हसतात. माझ्या ओळीला मात्र डोळे पुसतात. वाचणाऱ्यांना कशाला बोल लावू? माणूस दोघांचंही गेलं होतं. रडणं मी माझ्याकडे ठेवलं आणि हसं तुझं केलं. माझी मलाच किळस येते.

हे पत्र कुणी वाचणार नाही, कुठं जाणारही नाही. तरी सुरुवातीलाच तीन कागद फाडले. आयुष्यभर तुला ज्या नावानं हाक मारली, ते लिहायचं होतं. चौथ्या कागदावरही 'आई'च लिहिलं आहे.