पत्र्याखालची शेगडी

नांदेड

प्रिय माय,

फोन केला की तू तो बालाजीच्या हाती देतेस आणि स्वयंपाकघरात निघून जातेस. म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुझ्या लेकाला लागत नाही, तेव्हा हे तुलाच वाचावं लागेल. चष्मा सापडत नाही अशी सबब सांगू नकोस. देवणीचं ऊन आणि आपल्या घरावरचे ते पत्रे, त्यात तू हा उन्हाळा कसा काढतेस याचा घोर लागलाय मला. दुसरं काही सुचत नाही.

आमचंही काही बरं नव्हतं. वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर नुसता स्लॅब. चैत्र लागला तशी दिवस मावळल्यावरही भिंत हाताला चटका द्यायची आणि कूलर गरम वाफा अंगावर सोडायचा. खाली घरमालकीण हुस्नाआपा राहतात. त्या एकदा वर आल्या, पदरानं वारा घेत म्हणाल्या, "छत को चुना मारो बेटी, कूलर क्या करेगा बिचारा?" तुझ्या जावयांना कुणी काम सुचवायचाच अवकाश. चुनखडी भिजवली, पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून त्यात फेविकॉल ओतलं आणि दोघांनी मिळून अख्खी गच्ची पांढरी केली. गच्चीहून जास्त चुना जावयांच्या मिशीला लागला होता. मग पश्चिमेच्या खिडकीला ओली पोती टांगली. आधीच्या भाडेकरूनं पुठ्ठा ठोकून बुजवलेला वरचा झरोका मोकळा केला. आता दिवसा सगळं बंद ठेवते, ऊन उतरलं की उघडते, तापलेली हवा वरून निघून जाते. लाइटबिल आलं तेव्हा जावयांनी ते दोनदा उलटून पाहिलं, शेजाऱ्याचं तर नाही ना म्हणून.

चुना वाळला त्या दुपारी मी बाहेरून आले. फरशीवर पाय ठेवला तर गार लागली. मी पिशवीसकट तिथंच खाली बसले आणि रडले, माय. इतकं सोपं होतं हे.

मागच्या वैशाखाबद्दल आपण दोघी एक शब्द बोललो नाही. तू मला पहिल्या बाळंतपणाला किती हौसेनं आणलंस! बाज विणून घेतलीस, डिंक, खोबरं, बाळंतशेपा, सगळी तयारी. वारं लागू नये म्हणून खिडकीत चिंध्या कोंबल्यास, बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी ठेवलीस, ओव्याची धुरी दिलीस. लेकीला टोपडं, त्यावर दुपटं. तिचं अंग तापलं तेव्हा आपल्याला वाटलं ताप आला, थंडी वाजत असेल. आणखी एक दुपटं गुंडाळलं. बारसंही व्हायचं होतं तिचं. मी मनात सृष्टी ठरवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं.

तुझं काही चुकलं नाही, असं सगळे तुला म्हणतात आणि तू तोंड फिरवतेस. मी तसं म्हणणार नाही. उष्म्यानंच गेली ती. पण ही शेगडी तू कुठं शिकलीस? गंगम्मा आजीकडं. तिनं तुझं बाळंतपण केलं ते आपल्याच घरात, पण माळवदाखाली. हातभर मातीचं छत, जाड भिंती. तूच सांगायचीस की वैशाखातसुद्धा पहाटे गोधडी लागायची. त्या घरात शेगडी हवीच होती. मग किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या घराचा खडासुद्धा हलला नव्हता, तरी अप्पांनी माळवद उतरवलं. माती अंगावर पडून माणसं गेल्याचं त्यांनी पाहिलं होतं. लेकरांच्या डोक्यावर ओझं नको म्हणून पत्रे टाकले. त्यांनी मायेनंच केलं, तूही मायेनंच केलंस. घर बदललं आणि रीत तीच राहिली, एवढंच झालं. रात्रंदिवस विचार करून मी इथवर आलेय. तुझ्यावर मला राग नाही, माय. होता, तो गेला.

हे सगळं आज का लिहितेय ते ऐक. काल बालाजीचा फोन आला. म्हणाला, "आक्का, माय दुपारभर त्याच खोलीत बसायली. खिडकी उघडू देईना. पंखा लावला की उठून बंद करायली. परवा चक्कर येऊन पडली, तरी दवाखान्याला न्हाई म्हणायली." मला कळलं तू काय करतेयस. लेकरानं सोसलं ते तू सोसून बघतेयस. त्यानं ती परत येणार नाही, आणि माझी माय मात्र जाईल. सोमवारी आम्ही दोघं येतोय. जावई पत्र्यांना चुना मारतील, आतून तुरीच्या वाळल्या काड्यांचं, तुराट्यांचं छत बांधतील. हलकं, अप्पांनाही चाललं असतं असं. त्या दिवसापासून मी त्या खोलीचा उंबरा ओलांडलेला नाही. आता ओलांडणार आहे, आणि दुपारी तुझ्या शेजारी तिथंच आडवी होणार आहे. पंखा मी लावणार नाही, कुणाला लावूही देणार नाही. तुझी लेक घामानं भिजत पडलीय हे बघून तू उठतेस की नाही, एवढंच मला पाहायचंय.

तुझीच,
शिवांगी