खांदे सैल सोडा

प्रिय छोट्या,

चिमणी काल तुला भेटून सरळ माझ्याकडे आली. तुझा निरोप दिला : ताईचा खांदा कसा आहे, आणि ती अजून जमिनीवर लोळते का? बायकोशी बोलायला जाळीआडून मोजकी मिनिटं मिळतात, ती माझ्या खांद्यावर घालवलीस, गाढवा. तर ऐक. खांदा बरा आहे. वरच्या फळीवरचा डबा मी आता स्टुलाशिवाय काढते. आणि हो, लोळते. रोज लोळते. पण हे सगळं तुला पहिल्यापासून सांगायचंय. तुला लहानपणापासून अर्धं ऐकून पळायची सवय. आता तिथून कुठे पळशील? बस आणि वाच.

माझ्यावर हल्ला झाला तो दिवस तू लोकांच्या तोंडून ऐकलास, माझ्याकडून कधीच नाही. मी सांगितला नाही, कारण सांगायला लागले की जीभ टाळूला चिकटायची. दुपारची ड्यूटी नुकतीच सुरू झाली होती. अपघात विभागात एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणलं, छातीत कळ येऊन पडलेले. मनगट धरलं तेव्हाच मला कळलं, गेलेत. डॉक्टर नवा, कोवळा पोरगा. तपासलं, मान हलवली आणि आत निघून गेला. घरच्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या मुलानं, त्या टायरच्या दुकानवाल्यानं, सलाईनचा स्टँड उचललेला. पहिला फटका औषधांच्या कपाटावर. काचा माझ्या केसांत, मानेत. दुसरा फटका माझ्या उजव्या खांद्यावर. आयुष्यभर दुसऱ्यांची मोडलेली हाडं हाताळली, पण हाड मोडतानाचा आवाज इतक्या जवळून पहिल्यांदा ऐकला. मी पडले, मग लाथा. त्याचं तोंड मला दिसलंच नाही. दिसल्या त्या चपला, जाड रबरी, टाचेला झिजलेल्या. "मारलंत माझ्या बापाला" असं तो ओरडत होता आणि प्रत्येक शब्दाला एक लाथ. आयाबाईंनी माझे पाय धरून मला खाटेखाली ओढलं, तर हा खाटेवरच स्टँड हाणायला लागला. वर त्याचा बाप, खाली मी. त्याला आम्ही दोघंही दिसत नव्हतो.

प्लास्टर निघालं, बरगड्या सांधल्या, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. हाडांचे डॉक्टर म्हणाले, घरच्या घरी हलका योग सुरू करा, नवशिक्यांसाठीचं काहीतरी बघा. जणू कोपऱ्यावरच्या दुकानात किलोवर मिळतं. वर्गाला जायचं म्हणजे रस्त्यावरून जायचं, आणि मला तर खाली कुणी पुरुष मोठ्यानं बोलला तरी दरदरून घाम फुटायचा. एकदा जिन्यात शेजाऱ्यानं पिशवी आपटली, तर मी मोरीत जाऊन कडी लावून बसले. ते तुझ्या दाजींनी तुला सांगितलं नसेल. म्हणून मग मोबाईल.

तुला सांगते, या मोबाईलमध्ये जगातले सगळे लवचीक लोक भरलेत. पहिला एक उघडाबंब बाबा, डोंगराच्या कड्यावर. म्हणतो, अगदी सोपं आसन, आणि स्वतःचा पाय उचलून मानेमागे ठेवतो. दाजी शिलाई मशीन दुरुस्त करता करता म्हणाले, "याला देवानं सांधे बसवताना तेल जास्त घातलंय." दुसरी एक पोरगी, वर लिहिलेलं 'फक्त नवशिक्यांसाठी'. मी जमिनीवर टेकेपर्यंत ती उताणी, पालथी, परत उभी होऊन घाम पुसत होती. तिसऱ्या ठिकाणी बोलणारं कुणीच नाही, नुसती बासरी. कोणता पाय, केव्हा, काही पत्ता नाही. मी वैतागून मोबाईल उशीखाली घातला. हिशोबच जमेना. मला हवा होता असा माणूस, ज्याला मोडलेलं शरीर ठाऊक आहे.

आणि मग ही बाई सापडली. जाडजूड, केस पांढरे, बसकी खोली, पडद्याला सेफ्टी पिन. मधूनच एक मांजर येऊन तिच्या पोटावर बसायचं, तर ती त्याला न उठवता शिकवत राहायची. पहिल्याच धड्यात म्हणाली, "खुर्ची घ्या. भिंतीजवळ बसा. जमत नसेल तर करू नका, नुसतं बघत बसा, तेही चालतं." छोट्या, मी रडले. इतक्या दिवसांत 'चालतं' असं मला कुणी म्हणालं नव्हतं. मग मी भिंतीवर बोटांनी चढायला लागले, पालीसारखी, एकेक वीत. दाजींनी तिचं नाव 'भिंतवाली' ठेवलं. आज कुठवर पोचलीस म्हणून विचारायचे आणि पेन्सिलीनं भिंतीवर खूण करायचे.

पण यातलं अर्धंच खरं. बाहेरून मी योग करत होते. आतून खून करत होते. भिंतवाली म्हणायची, डोळे मिटा. डोळे मिटले की स्टँड खाली यायचा. ती म्हणायची, श्वास सोडा, त्याबरोबर नको ते सोडून द्या. मी श्वास सोडताना टायरवाल्याचं एकेक हाड मोडायची. शरीरशास्त्र पाठ आहे ना मला, नावानिशी मोडायची. गुडघ्याची वाटी, मांडीचं हाड, बोटं तर एकेक करून. इतकी शांत झोप लागायची त्यानंतर, की लाज वाटावी. एकदा मी अशीच डोळे मिटून बसलेली, आणि दाजी मागून पाणी घेऊन आले. त्यांची चाहूल लागताच मी हातात आला तो तांब्या फिरवला. त्यांची भुवई फाटली. आयुष्यभर लोकांच्या भुवया शिवल्या, आणि नवऱ्याची फोडली. ते खाली बसले, रुमाल दाबून धरला आणि म्हणाले, "डावा हात झकास चालतोय की." मी हसले आणि हसता हसता ओरडायला लागले, आणि मग मला थांबताच येईना.

हे सगळं तू बघत होतास. रविवारी यायचास, दारातल्या बाकावर बसायचास, वखारीतला लाकडाचा भुसा झटकायचास, आणि माझ्याकडे बघत बसायचास. मी तुला कधी 'जा आणि त्याला धर' म्हटलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस. नुसता दातांवर दात घासायचास, तो आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

आता त्या दुपारबद्दल. आपण दोघं त्याबद्दल अजून एक अक्षरही बोललेलो नाही. मी सतरंजीवर उताणी होते, पिंढऱ्या खुर्चीवर, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला. दार लाथेनं उघडलं. मला वाटलं, जामिनावर सुटलेला तो टायरवाला आला. आलाही तोच, पण तू त्याची मानगूट धरलेली, मागे वखारीतले दोन हमाल. त्याला तुम्ही वाटेतच झोडलं होतं. एक डोळा मिटलेला, ओठ लोंबत होता. तू त्याला माझ्या सतरंजीवर फेकलंस आणि लाकडाची फळी माझ्या हातात द्यायला लागलास. म्हणालास, "ताई, घे. जिथं मारलं होतं ना, तिथंच मार." मी घेतली नाही, तर तूच सुरू केलंस.

आणि मोबाईलमध्ये ती बाई बोलतच होती. "आता खांदे सैल सोडा. जबडा सैल सोडा. घाई नाही." आणि इथे फळी पडत होती. त्याचा खांदा गेला, तो आवाज मला बरोबर कळला. हाड कातडीबाहेर आलं. सतरंजीवर रक्ताचं थारोळं. हमाल घाबरून पळाले. त्यानं आईला हाक मारली आणि कपड्यातच लघवी केली. रात्रंदिवस मी हेच मागितलं होतं ना? तेच समोर ताटात वाढून आलं होतं, आणि मला ते बघवेना. मी कुशीवर वळले, हात टेकून उठले आणि ओरडले, "छोट्या, पुरे!" तू माझ्याकडे वळलास. छोट्या, तुझे डोळे माझ्यावर होते, पण मी तुला दिसत नव्हते.

मी त्याच्यावर आडवी पडले. फळी खाली आली ती माझ्या डाव्या मनगटावर.

तू विचारलंस ते खांद्याबद्दल. मनगटाबद्दल नाही विचारलंस. तूच मोडलंस ते, राजा. हेतू नव्हता तुझा, मला माहीत आहे. लहानपणी बाबा पट्टा काढायचे तेव्हा तू माझ्यापुढे येऊन उभा राहायचास, एवढासा, नाकात शेंबूड, आणि माझ्या वाटचे वळ तुझ्या पाठीवर घ्यायचास. तेव्हा बाबांनाही कळायचं नाही कुणाला लागतंय ते. ते मारत राहायचे. फळी माझ्या हातावर पडली आणि तू थांबलास, भिंतीला टेकून खाली घसरलास आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागलास. मला तुला जवळ घ्यायचं होतं. पण तो रक्त सांडत होता, आणि मी नर्स आहे. उजव्या हातानं टॉवेल दाबून धरला. त्या वेळी मी पहिल्यांदा त्याचा चेहरा पाहिला. साधा चेहरा, हनुवटीवर जुना व्रण. उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत तो म्हणाला, "सिस्टर, आणलं तेव्हा माझे बाबा जिवंत होते का हो?" मी म्हटलं, "नाही. वाटेतच गेले होते. माझ्या हातात काही नव्हतं." त्यानं डोळा मिटला. पोलीस येईपर्यंत आपण तिघेही त्याच सतरंजीवर होतो.

त्याचा हात आता टायर उचलू शकत नाही. दुकान भावाला दिलं. मागच्या आठवड्यात त्याची बायको आमच्या दारात आली. मी दार लावून घेतलं. ती गेली नाही, म्हणून परत उघडलं. म्हणाली, हाडांच्या डॉक्टरांनी यांना घरच्या घरी योग करायला सांगितलाय, पण मोबाईलवर जे दिसतं ते काहीच जमत नाही. तुमच्याकडे त्या दिवशी एक बाई बोलत होती असं हे म्हणतात. ती कुठे सापडेल? माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. मी मोबाईल आणला आणि तिच्या मोबाईलवर भिंतवालीचे धडे लावून दिले. खुर्चीवरचे आधी करा म्हटलं. मी चहा विचारायची तिनं वाट पाहिली नाही आणि मीही विचारला नाही. माफ केलंय असं समजू नकोस. त्यानं मला लाथा घातल्या, त्याच्या खटल्यात मी ते एकूण एक सांगणार आहे.

मी आता हात न टेकता करायचे धडे शोधते, मनगटामुळे. तेही भिंतवालीकडेच मिळाले. तिचंही मनगट कधीतरी मोडलं असावं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुझे वकील येऊन गेले. खुर्चीच्या कडेवर बसले, फार गोड बोलले. मी एवढंच म्हणायचं, की टायरवाला सूड घ्यायला माझ्या घरात घुसला, त्यानंच माझं मनगट मोडलं, आणि माझ्या भावानं मला वाचवलं. म्हणजे तू सुटलास. दाजी हो म्हणाले. चिमणीनं माझे पाय धरले. दवाखान्यात मनगटाचं कारण मोरीत घसरले असं दाजींनी लिहून दिलंय, तेही बदलता येईल असं वकील म्हणाले. उद्या माझी साक्ष आहे. छोट्या, मी तसं म्हणणार नाही. तू त्याला ओढत आणलंस, तू मारलंस आणि माझं मनगट तुझ्या फळीनं मोडलं, हेच सांगणार आहे. बाबांच्या वळांबद्दल आपल्या घरात सगळे घसरून पडलो म्हणायचे, आणि तू ते ऐकत मोठा झालास. हे तुला कोर्टात अचानक कळू नये, परक्याच्या तोंडून तर नकोच, म्हणून हे पत्र चिमणीच्या हाती देते आहे. तिला यात काय आहे ते सांगितलंय. ती माझ्याशी बोलत नाही, पण साक्षीआधी पोचवेन म्हणाली. ती आणि पोरं आजपासून माझ्याकडे जेवतील, रागावून का होईना. तुला किती वर्षं होतील ठाऊक नाही, पण भेटीचा एकही वार मी चुकवणार नाही. तू भेटायला बाहेर आला नाहीस तरी येऊन बसेन. उद्या मी तुझं नाव घेईन तेव्हा मान खाली घालू नकोस. माझ्याकडे बघ. मी न्यायाधीशांकडे नाही, तुझ्याकडे बघून बोलणार आहे.

तुझीच,
ताई